प्लंबर वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, टाइलवाला वेगळा: मग मधलं काम कुणाचं?

कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे शॉवरचं गरम-गार पाणी वळवणारा, भिंतीत गाडलेला व्हॉल्व्ह, नवा कोरा येतो तेव्हा त्याच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी असते. टोपीवर दोन खुणा असतात, एक किमान आणि एक कमाल. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. आता प्लंबर कामावर येतो तेव्हा भिंत नुसती विटांची असते. तिच्यावर पुढे 12 ते 15 मिलिमीटर प्लास्टर चढणार, साधारण 2 मिलिमीटर वॉटरप्रूफिंगचा थर येणार, 3 ते 6 मिलिमीटर अ‍ॅडेसिव्ह लागणार आणि वर 8 ते 10 मिलिमीटरची टाइल बसणार. बेरीज 25 ते 33 मिलिमीटर. ही बेरीज प्लंबरला कुणी सांगितली नाही आणि त्याने सवयीने 20 धरले, तर डायव्हर्टर खोल जातो, नॉब नीट बसत नाही आणि एक्स्टेन्शन शोधत फिरावं लागतं. जास्त धरले तर तो बाहेर येतो, वरची प्लेट टाइलला टेकत नाही आणि त्या फटीतून पाणी भिंतीत शिरत राहतं. दोन्हीवर कायमचा उपाय म्हणजे तयार टाइल फोडणं.

यात प्लंबरचा एकही जोड गळत नाही. टाइलवाल्याचं काम ओळंब्यात असतं. दोघांकडे परवाना, दोघांचं काम चोख, तरी बाथरूम बिघडलेलं. एकेका कामासाठी वेगळा परवानाधारक माणूस नेमायचा तर हे आधी समजून घ्यायला हवं: परवाना त्या माणसाच्या कामापुरता असतो. दोन कामांच्या मधला सांधा कुणाच्याच परवान्यात येत नाही. मुख्य कॉन्ट्रॅक्टर नेमला असता तर तो त्याचा प्रश्न होता, आणि त्याचे पैसे त्याने घेतले असते. तो नाही, म्हणजे सांधा घरमालकाचा.

तरीही एक-दोन खोल्यांच्या कामाला मी हीच पद्धत चांगली म्हणेन. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याशी थेट बोलता येतं, मधे निरोप हरवत नाहीत, आणि तार कोणती वापरली हे विचारलं तर उत्तर देणारा समोर असतो. फक्त दोन ठिकाणी हा मार्ग धरू नये. भार घेणारी भिंत, कॉलम, बीम किंवा स्लॅब यांना हात लागणार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकीचे. आणि पाच-सहा जण एकाच वेळी घरात राबणार असतील व दिवसातून एकदाही जागेवर जाणं जमणार नसेल, तर एकच जबाबदार माणूस नेमलेला बरा.

परवाना बघायचा म्हणजे काय बघायचं

कार्डाचा फोटो मोबाइलवर आला म्हणजे परवाना बघितला असं होत नाही. वीज आणि गॅस या कामांना बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, प्लंबिंग आणि एसीला बऱ्याच ठिकाणी. टाइल, रंग, सुतारकाम यांचे नियम जागेप्रमाणे बदलतात. परवाना देणाऱ्या खात्याच्या नोंदवहीत नंबर टाकून चार गोष्टी जुळवाव्यात: नाव, मुदत, वर्ग आणि स्थिती. वर्ग सर्वांत महत्त्वाचा. तारा ओढण्याची परवानगी असलेला प्रत्येक जण स्वतःच्या जबाबदारीवर कंत्राट घेऊ शकतो असं नाही. पुष्कळ ठिकाणी कारागिराचा, सुपरवायझरचा आणि कॉन्ट्रॅक्टरचा परवाना वेगवेगळा असतो. तसंच पाण्याचे नळ जोडणाऱ्याला गॅसची लाइन हलवायचा अधिकार आहे असं धरून चालू नये. गीझर गॅसवरचा असेल तर हा प्रश्न हमखास येतो.

दुसरी अडचण जास्त नेहमीची. परवाना एकाच्या नावावर आणि कामावर येणारा भलताच. कारागीर हाताखाली माणसं ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण कोणत्या टप्प्याला परवानाधारक स्वतः हजर राहणार, हे आधी ठरवावं. माझ्या मते किमान तीन वेळा: आखणीच्या दिवशी, भिंत बुजवण्याआधी आणि चाचणीच्या दिवशी. बाकीचा वेळ त्याचा विश्वासू माणूस असला तरी चालतं.

कामाला परवानगी किंवा तपासणी लागत असेल तर ती त्या कामाच्या परवानाधारकाच्या नावाने काढायला सांगावी. "तुमच्या नावाने काढा, लवकर मिळेल" असं कुणी म्हणत असेल तर थांबावं, कारण परवानगी ज्याच्या नावावर, नियम पाळण्याची जबाबदारी बहुधा त्याच्यावर येते. विम्याचंही तसंच. मजुराला इजा झाली तर आणि खालच्या मजल्यावर पाणी गेलं तर, हे दोन वेगळे विमे आहेत. पॉलिसीवरची मुदत कामाच्या शेवटच्या तारखेपुढे जाते का, एवढं तरी वाचून घ्यावं.

कोटेशनमध्ये न लिहिलेलं काम

तीन कोटेशनं आली आणि आकडे दूरदूर दिसले तर दर बघण्याआधी मोजण्याची पद्धत बघावी. इलेक्ट्रिशियन 'पॉइंट'वर दर देतो. एकाच्या पॉइंटमध्ये खाच मारणं, पाइप, तार, बॉक्स, स्विच आणि खाच बुजवणं सगळं धरलेलं असतं. दुसऱ्याच्या पॉइंटमध्ये फक्त तार आणि मजुरी. एका स्विचवर दोन दिवे असले तर कुणी एक पॉइंट मोजतो, कुणी दोन. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपासून, स्विचबोर्डापर्यंतची मुख्य तार पॉइंटमध्ये धरली की लांबीच्या मापाने वेगळी, हेही विचारायला हवं. रंगारी खिडक्या-दारांचं क्षेत्र वजा करतो का, टाइलवाला स्कर्टिंग आणि कड घासणं वेगळं लावतो का, प्लंबर सॅनिटरी फिटिंग बसवण्याचे पैसे पाइपिंगमध्ये धरतो का, हे प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारले तरच तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात.

आणि मग ती कामं, जी कुणाच्याच कागदावर नसतात. खाचा बुजवणं हे त्यातलं पहिलं. इलेक्ट्रिशियन म्हणतो गवंड्याचं, गवंडी म्हणतो ज्याने फोडलं त्याने बुजवावं. एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक कोण पाडणार? नहाणी ट्रॅपभोवती (फरशीवरचं सांडपाणी जिथून पाइपात उतरतं तिथे) स्लॅबमध्ये जी पोकळी राहते ती नॉन-श्रिंक ग्राउटने, म्हणजे सुकताना न आकसणाऱ्या मसाल्याने, कोण भरणार? राडारोडा खाली कोण नेणार, तयार फरशीवर झाकण कोण घालणार, रंग झाल्यावर दिवे लावताना भिंतीला हात लागले तर टचअप कोण करणार? यातलं प्रत्येक वाक्य कुणा एकाच्या कोटेशनमध्ये नावासकट हवं. ट्रॅपभोवतीची पोकळी मी आवर्जून सांगतो, कारण खालच्या घराच्या छतावर उमटणारा ओलसर डाग शोधत गेलं तर पुष्कळदा तिथेच पोचतो. प्लंबर तिथे सिमेंटचा गोळा दाबून निघून जातो, तो सुकताना आकसतो, आणि वॉटरप्रूफिंगवाला त्याच गोळ्यावर थर मारतो.

खाचांचा एक नियम सगळ्यांना मिळून सांगावा लागतो, कारण भिंत एकच असते. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. 115 मिलिमीटरच्या भिंतीत हे अनुक्रमे 38 आणि 19 मिलिमीटर होतात. म्हणजे त्या भिंतीत 25 मिलिमीटरचा पाइप आडवा घालणं नियमातच बसत नाही. तो वरून किंवा फरशीतून न्यावा आणि उभा उतरवावा. भिंतीच्या एका बाजूने प्लंबर आणि त्याच जागी दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रिशियन खाच मारतो तेव्हा दोघांचं माप बरोबर असूनही मधे कवच उरतं. आखणीच्या दिवशी दोघांना एकत्र बोलावून भिंतीवर दोन रंगांच्या खडूने रेषा मारून घेतल्या की हे टळतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

क्रम, आणि प्रत्येक हस्तांतराला एक चाचणी

ओल्या जागेचा क्रम असा: आखणी, खाचा, वायरिंगचे पाइप आणि पाण्याचे पाइप, पाण्याची चाचणी, दाराची चौकट, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून चाचणी, उताराचा थर, टाइल, टाइलमधल्या फटींत ग्राउट, मग फिटिंग. थोडं मागेपुढे होतं. काही पद्धतींत उताराचा थर आधी आणि वॉटरप्रूफिंग त्याच्यावर, थेट टाइलखाली. जी पद्धत निवडाल ती एकच ठेवा आणि टाइलवाल्याला आधी सांगा.

पाण्याची लाइन भिंतीत गाडण्याआधी तिच्यावर दाब देऊन बघायचा, रोजच्या वापरात असतो त्याच्या दीडपट. सगळी टोकं प्लग लावून बंद करायची, लाइन पाण्याने भरताना सर्वांत उंच टोकातून हवा काढून टाकायची आणि मग हातपंपाने दाब चढवून गेजचा काटा बघायचा. हवा राहिली तर काटा हळूहळू खाली सरकतो आणि नसलेली गळती शोधण्यात दिवस जातो. प्लास्टिकचे पाइप दाबाखाली थोडे फुगतात, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात काटा उतरला तर परत चढवावा आणि त्यानंतरचं वाचन धरावं. सॉल्व्हंटने चिकटवलेले जोड पूर्ण वाळायच्या आत चाचणी घेऊ नये. किती तास थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि थंड हवेत ते वाढतं. चाचणी संपल्यावरही थोडा दाब ठेवूनच प्लास्टर करून घ्यावं. गवंड्याच्या छिन्नीचा घाव पाइपला लागला तर काटा लगेच सांगतो, आणि कुणाच्या हातून झालं यावर वाद होत नाही.

सांडपाण्याला दाब नसतो, तिथे उतार बघायचा. 50 मिलिमीटरच्या पाइपला मीटरमागे 2 सेंटिमीटर, 100 मिलिमीटरच्या पाइपला निदान 1 सेंटिमीटर. कमोडच्या आउटलेटचं अंतर तयार भिंतीपासून मोजतात, विटांपासून नाही. इथे पुन्हा तीच 25 ते 33 मिलिमीटरची बेरीज आडवी येते. म्हणून कमोड, डायव्हर्टर, सिंक हे सगळं खाचा मारायच्या आधी विकत घेऊन जागेवर आणलेलं हवं. 'नंतर ठरवू' म्हटलेली प्रत्येक वस्तू प्लंबरला अंदाज करायला लावते.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून, उंबऱ्याशी बांध घालून किमान 25 मिलिमीटर पाणी उभं करायचं आणि 24 तास ठेवायचं. वेळ असेल तर 48. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करावी. थोडं बाष्पीभवन होतंच, म्हणून शेजारी एका बादलीत पाणी ठेवून तिच्यातही खूण केली की तुलना करता येते. खालच्या छताकडे टॉर्च घेऊन बघणं हाच खरा निकाल. थर भिंतीवर निदान 150 मिलिमीटर चढलेला हवा, शॉवरच्या बाजूला माणसाच्या डोक्याच्या वर.

आणि आता ज्या सांध्यावर सगळ्यांत जास्त लक्ष हवं तो. चाचणी उत्तम झाली, टाइल बसली, महिनाभराने प्लंबर कमोड बसवायला येतो आणि फरशीत चार भोकं पाडतो. काचेच्या पार्टिशनवाला उंबऱ्यात दोन पाडतो. सुतार चौकटीचा होल्डफास्ट, म्हणजे चौकट धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, मारतो. पाणी साठवून तपासलेल्या थराला सात-आठ भोकं पडतात आणि प्रत्येक जण आपल्या कामापुरता बरोबर असतो. यावर उपाय आधीच करावे लागतात. चौकट वॉटरप्रूफिंगच्या आधी बसवून घ्यायची. भोक किती खोल चालेल ते टाइल आणि उताराच्या थराची जाडी मोजून प्लंबरला लिहून द्यायचं आणि ड्रिलच्या बिटवर तेवढ्या मापाला चिकटपट्टी गुंडाळायला सांगायची. भोकात स्क्रू पिळण्याआधी सीलंट भरायचं. फिटिंग झाल्यावर दुसऱ्यांदा पाणी उभं करायचं. वॉटरप्रूफिंगची लेखी हमी देणारा या भोकांबद्दल काय म्हणतो ते हमीपत्रात वाचावं. पुष्कळदा एकच ओळ असते आणि तीच सगळी हमी रद्द करते.

वायरिंगची चाचणी मेगरने होते, म्हणजे तारांचं आवरण वीज अडवतं का ते मोजणाऱ्या उपकरणाने. 230 व्होल्टच्या घरात 500 व्होल्ट डीसी लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यामधला इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजतात. प्रत्येक सर्किटला निदान 1 मेगाओहम यायला हवा, आणि नव्या कोरड्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतो. सगळी उपकरणं, एलईडी ड्रायव्हर, डिमर काढून ठेवूनच ही चाचणी घ्यायची, नाहीतर ती जळू शकतात. चाचणी दोनदा करावी: तारा ओढल्यावर, आणि सुताराचं व रंगाऱ्याचं काम संपल्यावर. सुताराचा एक खिळा भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपमध्ये गेला की दुसरा आकडा पहिल्याशी जुळत नाही.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, तारेला जपतो, माणसाला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघावंच, पण ते फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंग ठीक आहे की नाही ते त्यातून कळत नाही. अर्थिंग वेगळं मोजून घ्यावं. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो आणि फरक दिसला की वीज तोडतो. इथेच एसीवाल्याचा सांधा येतो. एसी बसवणारा जवळच्या बोर्डातून फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा घेतो, दिवा लागतो, एसीही चालतो, पण दोन्ही सर्किटं वेगळ्या आरसीसीबीवर असली तर एसी चालू करताच घर अंधारात जातं. मग इलेक्ट्रिशियनला बोलावणं जातं आणि तो आरसीसीबी खराब म्हणून बदलतो, कधी काढूनच टाकतो. हे शेवटचं कधीही होऊ देऊ नये. एसीला स्वतःची तार, स्वतःचा न्यूट्रल, स्वतःचा एमसीबी आणि युनिटजवळ आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच), हे इलेक्ट्रिशियनच्या यादीत लिहा. एसीवाल्याने त्या आयसोलेटरच्या मागे जायचंच नाही.

एसीवाल्याकडून दोनच गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात: तांब्याची लाइन नायट्रोजनच्या दाबाने तपासणं आणि व्हॅक्यूम पंप लावणं. गॅस सोडून हवा बाहेर ढकलणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. लाइनीत ओल राहते आणि ती पुढे कॉम्प्रेसर खाते. ड्रेनच्या पाइपला उतार हवा, मधे कुठेही झोळ नको, आणि फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी त्यात एक तांब्या पाणी ओतून ते बाहेर पडतं का ते बघायचं.

टाइलवाल्याचं काम तपासणं सोपं आहे. बाथरूमच्या फरशीला मीटरमागे 1 ते 2 सेंटिमीटर उतार, एक बादली पाणी ओतून कुठे डबकं उरतं ते बघणं, आणि नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून पोकळ आवाज ऐकणं. कोपऱ्यात पोकळ वाजली तर ती पुढे फुटू शकते. काम चालू असताना एखादी ताजी बसवलेली टाइल उचलायला लावून मागे अ‍ॅडेसिव्ह पूर्ण पसरला आहे का हेही बघता येतं. मधे पाच गोळे दिसले तर तिथेच थांबवा.

सुताराचा नकाशा मात्र या सगळ्यांच्या आधी हवा, काम शेवटी असलं तरी. ओव्हन, चिमणी, डिशवॉशर यांचे प्लग नेमके कॅबिनेटमागे कुठे येणार हे त्या नकाशाशिवाय इलेक्ट्रिशियनला कळूच शकत नाही. लाकूड आणि प्लाय घरात आणायचं ते ओली कामं सुकल्यावर. रंगाऱ्याला नवं सिमेंटचं प्लास्टर चार आठवडे वाळू द्यावं लागतं. घाईत पुट्टी मारली की पापुद्रे निघतात.

पैसे

उचल कमीत कमी, मटेरियल शक्यतो स्वतःच्या बिलावर, आणि बाकीचे पैसे तारखेला न देता चाचणीला बांधायचे. प्लंबरचा मोठा हप्ता दाबाच्या चाचणीनंतर, वॉटरप्रूफिंगवाल्याचा पाणी साठवल्यानंतर, इलेक्ट्रिशियनचा दुसऱ्या मेगर वाचनानंतर. दहा टक्के शेवटपर्यंत राखून ठेवावेत, पण 'शेवट' म्हणजे त्याच्यानंतर येणाऱ्याचं काम संपेपर्यंत, हे आधी सांगितलं पाहिजे. प्लंबरला टाइलवाल्यासाठी थांबायला लावायचं तर ते त्याला सुरुवातीलाच माहीत असायला हवं. काम झाल्यावर सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि असा कारागीर पुढच्या वेळी फोन उचलत नाही. वाढीव काम निघालं तर ते सुरू होण्याआधी मोबाइलवर दोन ओळी: काय, किती, कुणी सांगितलं. समोरून 'ठीक आहे' आल्याशिवाय छिन्नी लावू नये.

भिंती बुजवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ फोटो घ्यावा, मापाची टेप एकदा जमिनीपासून उभी आणि एकदा कोपऱ्यापासून आडवी धरून, आकडे वाचता येतील अशा उजेडात. फोटोला खोलीचं आणि भिंतीचं नाव द्यावं. त्याच फोल्डरमध्ये दाबाची वाचनं, मेगरचे दोन्ही आकडे, परवान्यांच्या प्रती आणि हमीपत्रं ठेवावीत. त्याची एक प्रत डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात लावून ठेवली, की पुढे आरसा टांगायला ड्रिल घेऊन येणाराही आधी तिथे बघेल.